कारखानीस मॅडम आणि सात रिकामी तिकिटं

ठाण्याच्या आमच्या ऑफिसात एकदा माझा चष्मा हरवला. टेबल पाहिलं, ड्रॉवर उपसले, शेजारच्या टीमवर संशय घेऊन झाला. शेवटी हात टेकले आणि कारखानीस मॅडमकडे गेलो. त्यांनी स्क्रीनवरची नजरही न हलवता विचारलं, "आज सकाळपासून तू कुठे कुठे चिडलास?"

"म्हणजे?"

"म्हणजे आवाज कुठे चढवलास. तू चिडलास की चष्मा काढतोस, सावंत. शांत असताना तो तुझ्या नाकावरच असतो. ठिकाणं सांग."

ठिकाणं तीन निघाली. दुसरं होतं सर्व्हरची खोली, जिथे मी एसी दुरुस्त करणाऱ्याशी हुज्जत घातली होती. चष्मा एसीच्या डोक्यावर बसून हवा खात होता. डोळ्यांवर चढवला तर तासभर मला सगळं ऑफिस माथेरानला गेल्यासारखं दिसत होतं.

वस्तू कुठे आहे, हा प्रश्न त्या शेवटी विचारायच्या. आधी हरवणाऱ्याची पूर्ण उलटतपासणी व्हायची. ती संपेपर्यंत बहुतेक वेळा माणूस स्वतःच म्हणायचा, "अरे हो, आठवलं." मग त्या म्हणायच्या, "बघ, मी काहीच केलं नाही." आणि हे बोलताना चेहरा असा, की जणू किल्ला सर करून आल्या आहेत.

वसुधा कारखानीस. राहणार डोंबिवली पूर्व. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. सुती साडी आणि खाली पांढरे, धावायचे बूट. खांद्याला अशी पिशवी, की तिच्यात बाळकुममधला एक वन बीएचके बाल्कनीसकट मावला असता. वय पन्नाशी ओलांडलेलं, आणि आमच्या टीमचं सरासरी वय सव्वीस. पहिल्या दिवशी वॉचमनने त्यांना लिफ्टपाशी अडवलं आणि म्हणाला, "डबा इथेच ठेवा मावशी, मी वर पाठवतो." त्या म्हणाल्या, "डबा माझाच आहे, आणि मी त्याच्याबरोबर वर जाणार आहे." महिन्याभरात तोच वॉचमन गावाकडच्या जमिनीच्या कागदाचं काय करायचं, हे त्यांना विचारायला दुपारी वर येऊ लागला.

त्याआधी अठ्ठावीस वर्षं त्या टेलिफोन खात्यात चौकशी विभागात होत्या. आताच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. घरोघर वायरचे फोन होते तेव्हा एखाद्याचा नंबर माहीत नसला की चौकशीला फोन लावायचा आणि पलीकडून एक बाई नंबर सांगायची. ती पलीकडची बाई म्हणजे ह्या. त्या काळातले त्यांचे किस्से मी इतक्यांदा ऐकलेत, की आता ते माझ्याच बाबतीत घडले असं मी सांगू शकतो, आणि सांगतोही.

एकदा एक गृहस्थ फोनवर म्हणाले, "कल्याणातला एक डॉक्टर हवाय. नाव माहीत नाही. रस्ता माहीत नाही. पण आत गेलं की कंपाउंडर आधी विचारतो, कुत्रा चावला का."

दुसरी कोणी असती तर फोन ठेवून दिला असता. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला चावलाय का?"

"नाही हो."

"मग डॉक्टर कशाला हवाय?"

"त्यांचा मुलगा आमच्या मुलीसाठी सुचवलाय."

"सुचवणारे कोण?"

असं करत करत सुचवणाऱ्याचा नंबर, त्याच्या मेहुण्याचा नंबर आणि मेहुण्याच्या शेजारच्या औषधाच्या दुकानाचा नंबर काढून मॅडमनी चार मिनिटांत डॉक्टर हजर केला. लग्न झालं. त्या लग्नाला त्या गेल्या होत्या म्हणे. फोटो मी पाहिलेला नाही, पण पंगतीतल्या जिलबीचं वर्णन इतकं बारीक करायच्या, की तिच्यावर शंका घ्यायचं पाप माझ्याने होणार नाही.

पुढे मोबाइल आले, चौकशीचे फोन आटले, आणि खात्याने मुदतीआधी निवृत्तीची योजना काढली तेव्हा मॅडम घरी बसल्या. बरोबर अकरा महिने. ह्या अकरा महिन्यांबद्दल त्या एकदाच बोलल्या. कॅन्टीनमध्ये आम्ही दोघंच होतो.

"आमच्या ह्यांना तू पाहिलेलं नाहीस," त्या म्हणाल्या. "अतिशय व्यवस्थित माणूस. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. विजेच्या बिलांची फाइल वेगळी, गॅसची वेगळी. डाळीला किती शिट्ट्या, तेसुद्धा कपाटाच्या दाराला आतून लिहून लावलंय. त्या घरात काही हरवतच नाही रे. अकरा महिन्यांत मला कोणी एक प्रश्न विचारला नाही. मला वाटायला लागलं, मी आहे की नाही."

एवढं बोलून त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "तुझं काही हरवलंय का?" मी नाही म्हटलं, तर जरा हिरमुसल्याच.

आमच्या कंपनीने त्यांना घेतलं तेही गमतीशीरच. आम्ही डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. ज्यांची किडनी काम करत नाही, त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. कोणाची पाळी कधी, कोणत्या मशीनवर, हे आमचं सॉफ्टवेअर सांभाळतं. केंद्रांमधल्या सिस्टर लोकांची तक्रार आली, की तिची एका दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद होते. अशा एका नोंदीला आम्ही तिकीट म्हणतो. तिकिटावर काय बिघडलं ते असतं, ते उघडं की बंद ते असतं, आणि ते दुरुस्त करायचं काम ज्याचं, त्याचं नाव असतं. अशी हजारो तिकिटं साठतात. त्यातून हवी तेवढीच काढायची तर मशीनच्या भाषेत एक नेमका प्रश्न लिहावा लागतो. ती क्वेरी. आमच्या टीममध्ये इंजिनियर पंचवीस होते आणि क्वेरी कोणालाच धड लिहिता येत नव्हती. सगळे डोळ्यांनी शोधायचे, तांदूळ निवडल्यासारखे.

मुलाखतीत एचआरच्या मुलीने मॅडमना विचारलं, "आमच्याकडे सगळं अजाइल चालतं. दर दोन आठवड्यांनी काम पूर्ण, रोज सकाळी उभ्याने मीटिंग. तुम्हाला जमेल?"

"गुडघे सोडून बाकी सगळं जमेल," मॅडम म्हणाल्या. "पण काम काय आहे?"

"तक्रारी येतात मॅडम, पण वेळेवर कोणालाच सापडत नाहीत."

"कोणालाच?" मॅडमच्या डोळ्यांत जो उजेड आला म्हणतात, त्याने मुलाखतीच्या खोलीतली ट्यूबलाइट बंद केली असती तरी चाललं असतं. "मग मी कधीपासून येऊ?"

अशा त्या एकेक वर्षाच्या कंत्राटावर आल्या. मी त्या टीमचा स्क्रम मास्टर होतो. म्हणजे रोज सकाळी पंधरा मिनिटं सगळ्यांना उभं करून "काल काय केलंस, आज काय करणार" असं विचारणारा पगारी मास्तर. मॅडम त्या मीटिंगला एकट्याच बसायच्या, आणि सगळे उभे राहून त्यांच्याकडे बघून बोलायचे, त्यामुळे दरबार भरल्यासारखं वाटायचं.

क्वेरीची भाषा त्यांनी तीन दिवसांत आत्मसात केली. पण पद्धत स्वतःचीच ठेवली. दोनशे पानी वही काढायची, आधी प्रश्न मराठीत लिहायचा, आणि मग तो मशीनला सांगायचा. ती वही मी चोरून वाचली आहे. "मयूरीकडची, आणि (तातडीची किंवा केंद्रातून आलेली), आणि अजून उघडी, जुनी आधी." खाली रेघ. रेघेखाली, "हिने जेवण केलंय का बघणे."

कंसांवर त्यांची भक्ती होती. "किंवा लिहिलंस की आधी कंस लाव," त्या नव्या मुलांना सांगायच्या. "किंवाला मोकळं सोडलंस तर ते दार उघडं टाकतं आणि गल्लीतल्या वाटेल त्याला घरात घेतं."

आणि त्यांना कोणी काही मागितलं, तर आधी उलटा प्रश्न यायचा. मी म्हणायचो, "मॅडम, उघड्या तिकिटांची यादी द्या." त्या म्हणायच्या, "कशासाठी? साहेबांना दाखवायला की काम करायला? दोन्ही याद्या वेगळ्या असतात." सुरुवातीला मला राग यायचा. नंतर मी स्वतःच आधी सांगायला लागलो, "दाखवायची द्या."

आता मयूरीचा किस्सा. मयूरी भोईर ही बाळकुमची. जिथे आता तीस मजली इमारती उभ्या आहेत तिथे तिच्या आजोबांचं भातशेत होतं. खानदानातली पहिली इंजिनियर. हुशार, पण हात बुद्धीच्या पुढे धावायचा. दिवाळीनंतर एका दुपारी तिला आपल्या टीमची जुनी, निरुपयोगी तिकिटं एकदम बंद करायची होती. तिने क्वेरी लिहिली: आमच्या टीमची आणि सहा महिन्यांपूर्वीची किंवा कमी महत्त्वाची. कंस नाही. मशीनने त्याचा अर्थ लावला, की आमची जुनी तर द्याच, शिवाय जगातली सगळी कमी महत्त्वाची द्या. मयूरीने यादी न वाचता सगळी निवडली आणि बंद केली.

आमच्या तीन मजल्यांवरची, अकरा टीमची तिकिटं एका क्षणात बंद झाली. प्रत्येक तिकिटाची एक ईमेल, प्रत्येक माणसाला. फोन असे थरथरायला लागले, की टेबलांवरून चालत चालत कडेला आले. वरच्या मजल्यावरच्या एकाला वाटलं, कंपनीच बंद झाली. तो बॅग भरून खाली उतरला, आणि मला दाट संशय आहे की त्याला ते आवडलं होतं.

मयूरी पांढरीफटक. "मॅडम, मी मेली. मला काढतील. घरी काय सांगू मी?"

"बस आधी. किती वाजता केलंस?"

"आत्ताच. आत्ताच केलेलं."

"आत्ताच ही वेळ नाही. मिनिट सांग."

"चार दहा. नाही, चार अकरा."

मॅडमनी वही काढली. हे सॉफ्टवेअर प्रत्येक तिकिटाचा पूर्वेतिहास जपून ठेवतं: कोणी, कधी, काय बदललं. मॅडमनी मराठीत लिहिलं: "चार दहापर्यंत उघडी होती, चार दहानंतर बंद झाली, बंद करणारी मयूरी." तिन्ही अटी लागू होणारी तेवढीच तिकिटं आली, एक जास्त नाही, एक कमी नाही. ती त्यांनी पुन्हा उघडली. पण काम तिथे संपलं नव्हतं. तिकीट बंद झालं की त्याच्यापुढचं नाव पुसायचं, असा नियम कोणीतरी कधीतरी लावून ठेवला होता. म्हणून मॅडमनी एकेका माणसाचं नाव घेऊन इतिहासात विचारलं, चार दहापर्यंत ह्याच्याकडची कोणती? आणि ज्याची त्याला परत वाटली. सहा वाजता तिन्ही मजले पूर्ववत झाले.

मी विचारलं, "वर रिपोर्ट काय देऊ?"

"खरं द्यायचं," मॅडम म्हणाल्या. "मयूरीकडून चूक झाली, मयूरीने चार मिनिटांत येऊन सांगितली. चार मिनिटं हे ठळक कर."

मयूरीची नोकरी राहिली. दोन-तीन दिवसांनी तिने घरून मॅडमसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली. मॅडम सोमवार पाळायच्या आणि तो सोमवार होता. त्यांनी डबा घरी नेला आणि मंगळवारी सांगितलं, "ह्यांनी डब्यावर चिठ्ठी लावून ठेवली होती. तरी मी सगळं एकटीने खाल्लं."

जानेवारीत नवे डिलिव्हरी हेड, म्हणजे काम वेळेत बाहेर पडतंय का ते बघणारे साहेब, आले, राजाध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. त्यांनी एक नवी सोय आणली. तिकिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट. तिच्यात साध्या बोलण्यातल्यासारखं लिहायचं, "गेल्या आठवड्यात काय काय बिघडलं?" आणि ती स्वतःच क्वेरी लिहून यादी देणार. खोटं कशाला बोलू, ती चौकट फार चांगली होती. मॅडमना वही काढून पेनचं टोपण उघडायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात तिचं उत्तर यायचं.

राजाध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, "मिसेस कारखानीसांचं कंत्राट मार्चअखेर संपतंय. ही सोय असताना ते वाढवायचं कशासाठी, हे मला मुख्य ऑफिसला सांगता आलं पाहिजे. सॉफ्टवेअरचं पुढचं रिलीज होईपर्यंत दोघांनाही काम करू दे. मग ठरवू."

मी ते मॅडमना जमेल तेवढं गोल करून सांगितलं. त्यांनी ते लगेच चौकोनी केलं. "म्हणजे मार्चनंतर मी पुन्हा घरी."

"तसं अजून ठरलेलं नाही."

"ती चौकट मी वापरून बघते रोज," त्या म्हणाल्या. "हुशार आहे. फक्त परत विचारत नाही." मग वही उघडून कामाला लागल्या.

मयूरीने तर चौकटीशी वैरच धरलं. मुद्दाम वाकडे प्रश्न टाकायची आणि चौकट चुकली की लग्नात नवरी आल्यासारखी ओरडायची, "मॅडम, बघा बघा." मॅडम म्हणायच्या, "अगं, तिला काय चिडवतेस. तुझाच प्रश्न अर्धा आहे."

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रिलीज होतं, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती केंद्रांना जाणार होती. आदल्या दिवशी सकाळी मोठ्या खोलीत मीटिंग भरली. राजाध्यक्षांनी सगळ्यांसमोर, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर, चौकटीत टाइप केलं: टेस्टिंग टीमकडची सोडून, केंद्रांतून आलेली बाकी सगळी उघडी तिकिटं दाखव. टेस्टिंगकडची म्हणजे दुरुस्त होऊन तपासणीला गेलेली. उत्तर आलं: एकही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या.

मॅडमनी हात वर केला, शाळेतल्यासारखा. "साहेब, बाकी सगळी म्हणजे कोणती?"

"म्हणजे टेस्टिंगची नसलेली."

"ज्यांच्यापुढे कोणाचंच नाव नाही, ती ह्यात आली का?"

"अर्थातच. ती टेस्टिंगची नाहीत."

"आपल्याला तसं वाटतं. मशीनला नाही वाटत. टेस्टिंगचं सोडून दुसरं नाव, असं म्हटलं की ते दुसरं नाव शोधतं. जिथे नावाची जागाच रिकामी आहे, तिथे ते थांबतच नाही. रिकामी तिकिटं रिकामी म्हणूनच मागावी लागतात."

राजाध्यक्षांनी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. मॅडमनी एक ओळ लिहिली. स्क्रीनवर सात तिकिटं आली. सातही उघडी, सातही केंद्रांतून आलेली, सातांपुढे नावाची जागा कोरी. त्यातलं एक कल्याणच्या केंद्रातल्या सिस्टरांचं होतं: पेशंटचा मोबाइल नंबर बदलला की त्याची पुढची पाळी यादीतून गायब होते. एक आजोबा दोनदा येऊन ताटकळले. कृपया लवकर बघावे.

तक्रार दिवाळीच्या आधीची होती. त्या सिस्टरांचा मध्यंतरी एकदा फोन आला होता, आणि तिकीट उघडं दिसतंय एवढंच बघून "काम चालू आहे" असं सांगणारा मीच होतो.

खोलीतल्या टाळ्या केव्हाच विरल्या होत्या. आणि एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती. चौकट चुकली होती, मॅडम बरोबर ठरल्या होत्या, आणि हे मुख्य ऑफिसला सांगण्याजोगं होतं. मयूरी टेबलाखालून माझा पाय दाबत होती. पायात तिच्या टाचांचे बूट होते, ते दुखणं अजून पावसाळ्यात येतं.

राजाध्यक्ष म्हणाले, "रिलीज थांबवा. आधी ही सात दुरुस्त करा." मग सहज म्हणाले, "पण नावं कोरी राहिली कशी?"

"सिस्टीमचा घोळ असेल सर," मयूरी पटकन म्हणाली. "होतं असं."

मी म्हणालो, "हो, होतं."

मॅडम स्क्रीनकडे बघत होत्या. त्यांनी वही काढली नाही. सरळ टाइप करायला लागल्या. काय विचारतायत ते मला ओळ अर्धी होताच कळलं: ह्या सातांपुढे शेवटचं नाव कोणाचं होतं, आणि ती बंद होऊन पुन्हा उघडली कोणी? मी खोकलो. जोरात खोकलो. त्यांनी ओळ पूर्ण केली.

शेवटचं नाव प्रसादचं होतं. हा आमचा जुना इंजिनियर, ऑक्टोबरात नोकरी सोडून गेलेला. आणि पुन्हा उघडणाऱ्याचं नाव, सातही ओळींत, वसुधा कारखानीस.

"हे माझं," मॅडम म्हणाल्या. "मयूरीने त्या दिवशी सगळी बंद केली होती, ती मी उघडली. सगळ्यांची नावं परत लावली. प्रसादची सात उरली. तो तर गेलेला. म्हटलं, उद्या सावंतला विचारून नवीन नाव टाकू. तो उद्या मी विसरले. दर शुक्रवारी मी रिकामी तिकिटं बघते, पण त्या आठवड्यात आलेली. जुन्यांत रिकामी असतील हे माझ्या मनातच आलं नाही."

"ती बंद मी केलेली ना पण," मयूरी म्हणाली.

"तू बंद केलीस. हरवली मी."

राजाध्यक्षांनी त्या सात ओळी पुन्हा वाचल्या. मग अगदी हळू म्हणाले, "मिसेस कारखानीस, तुम्ही हे दाखवलं नसतं तरी चाललं असतं."

"कोणाला?" मॅडमनी विचारलं.



दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. खांद्यावर पिशवी. "मला कल्याणच्या केंद्रावर जायचंय. ते आजोबा आज येणार आहेत, मी सिस्टरांना विचारलं. तू येतोस का?" मी गाडी काढली. शीळफाट्याला अडकलो. तिथल्या ट्रॅफिकमध्ये बारशाला निघालेली माणसं मुंजीला पोचतात, तरी त्या दिवशी तासाभरातच सुटलो. वाटेत मॅडम एकच वाक्य बोलल्या. "अठ्ठावीस वर्षांत मी चुकीचा नंबर दिला असेल, पण थांबायला सांगून फोन कधी विसरले नव्हते."

केंद्र स्वच्छ आणि थंड. काचेच्या दारापलीकडे सहा खाटा, सहा मशीन. आजोबांचं नाव मोरे. शीळफाट्याजवळच्या गावातले, अंगाने काटकुळे, दंडाला नळ्या लावलेल्या. आतल्या खाटांपाशी एकेकच माणूस सोडत होते, म्हणून मी दारात उभा राहिलो. दार अर्धं उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

"काका, तुमची तक्रार माझ्याकडून हरवली होती," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला दोनदा ताटकळावं लागलं. ते सांगायला आलेय."

मोरे काकांनी त्यांना पायातल्या बुटांपासून वरपर्यंत बघून घेतलं. "मग गावली का?"

"गावली. आज दुरुस्त होतेय."

"मग बसा की. ह्याला चार तास लागतात. बोलायला कोन नसतं."

मॅडम स्टुलावर बसल्या. तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला. राजाध्यक्षांची ईमेल होती. मुख्य ऑफिसने ती जागाच रद्द केली होती, कंत्राट वाढणार नव्हतं. खाली राजाध्यक्षांनी स्वतः लिहिलं होतं, "मी दोनदा बोलून पाहिलं. आजची गोष्टही सांगितली, सगळी. तुम्हीच त्यांना सांगा."

मी वर बघितलं, तर मॅडम माझ्याकडेच बघत होत्या. माझ्या नाकावर चष्मा होता की हातात, ते मला माहीत नाही. त्यांना कळलं एवढं खरं. त्यांनी मान किंचित हलवली, आणि हाताने खूण केली, की थांब जरा. कारण मोरे काका काहीतरी विचारत होते.

"बाई, तुमच्या त्या कॉम्पुटरात एक बघता येईल का? ह्या बाजूच्या खाटेवर एक म्हातारी यायची. अशी हिरवी चादर घेऊन. मला रोज लिमलेटची गोळी द्यायची. तीन आठवडे झाले, दिसली नाय. नाव काय मी विचारलं नाय कधी. सिस्टर नवीन, तिला ठाव नाय."

मॅडमनी स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं, पिशवीत हात घालून वही काढली, आणि पेनचं टोपण उघडलं.

"सांगते बघून," त्या म्हणाल्या. "वार कोणता असायचा तिचा? आणि सकाळची पाळी की दुपारची?"